कारखान्यातले शिक्षण आणि स्लाइडची फाईल

कारखान्यात नव्याने लागलेल्या मुलाचा पहिला दिवस पूर्वी एका ठरावीक रीतीने जात असे. फोरमन त्याला एखाद्या जुन्या कारागिराच्या हवाली करी. "याच्याजवळ उभा राहा, तो काय करतो ते बघ," एवढाच अभ्यासक्रम. हा जुना कारागीर म्हणजे वस्ताद. तो फारसे बोलत नसे. बोललाच तर अर्धे वाक्य, तेही यंत्राच्या खडखडाटात ऐकू जाईल अशा वरच्या पट्टीत. पण मुलाचा हात भलत्या जागी जाऊ लागला, की वस्तादाचे लक्ष नेमके तिथे असे.

आज पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यात त्या मुलाचा पहिला दिवस पुष्कळ ठिकाणी निराळा जातो. त्याला एका खोलीत संगणकापुढे बसवतात किंवा मोबाईलवर एक लिंक पाठवतात. ती उघडली, की पडद्यावर एकामागून एक स्लाइड येऊ लागतात. कंपनीची ओळख, सुरक्षिततेचे नियम, गुणवत्तेचे धोरण. खाली 'पुढे' असे बटण असते. मुलगा ते दाबतो, पुन्हा दाबतो. साठ वेळा दाबून झाले म्हणजे दहा प्रश्न येतात आणि ते सुटले, की नावानिशी प्रमाणपत्र. दुसऱ्या दिवशी तो पॉवर प्रेसपुढे उभा असतो.

या दोन पहिल्या दिवसांमध्ये काहीतरी हरवले आहे. ते कोणते, आणि त्यातले किती परत आणता येईल, एवढाच माझ्या बोलण्याचा विषय. स्लाइडच्या फाईलीला नावे ठेवावीत असा माझा हेतू मुळीच नाही. मी स्वतः कॉलेजात शिकवतो, आणि स्लाइड मलाही लागतात.

शिवाय या पट्ट्याला अशा शिक्षणाची खरोखरच गरज आहे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले, आणि पुढे ओढ्याला पूर यावा तसे कारखाने आले. चाकणची भर नंतरची. बजाजचा तिथला कारखाना १९९९ चा, फोक्सवॅगनचा २००९ चा. मोठ्या कारखान्यांचे प्रशिक्षण विभाग असतात, शिकवण्यासाठी वेगळी माणसे असतात. परंतु त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांत पगारपत्रक, माल पाठवणे आणि नव्या मुलांना शिकवणे ही तिन्ही कामे पुष्कळदा एकाच माणसाकडे असतात. मुले येतात बीड-लातूरकडून, नांदेड-बुलढाण्याहून, तशीच बिहार, उत्तर प्रदेश आणि ओडिशातून. ठेकेदारामार्फत आलेली बरीचशी चार-सहा महिन्यांत दुसरीकडे जातात. म्हणजे तोच धडा दर आठवड्याला, तिन्ही पाळ्यांत, नव्या मुलांना शिकवायचा. एकदा करून ठेवलेली फाईल इथे उपयोगी पडते यात शंका नाही. प्रश्न असा, की तिच्यात काय भरायचे?

त्यासाठी हे साधन मुळात कशाकरिता निघाले ते पाहिले पाहिजे. पॉवरपॉइंट बाजारात आले १९८७ साली. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन या दोघांनी ते फोरथॉट नावाच्या एका लहानशा अमेरिकन कंपनीत तयार केले, तेही मॅकिंटॉश संगणकासाठी. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. त्या वेळी त्याचे काम होते ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिका छापून देण्याचे. पारदर्शिका दिव्यावर ठेवायची, आणि शेजारी उभे राहून माणसाने बोलायचे. तेव्हा स्लाइड ही जन्मतःच अर्धी वस्तू आहे. तिचा उरलेला अर्धा भाग म्हणजे शेजारी उभा असलेला, समोरच्यांचे चेहरे पाहून थांबणारा, परत मागे जाणारा माणूस.

आता सभागृहात वापरलेली ती फाईल जशीच्या तशी इंटरनेटवर ठेवली, तर अर्धीच वस्तू शिकणाऱ्याच्या हाती पडते. हे लक्षात आलेले लोक मग दुसऱ्या टोकाला जातात. जे तोंडाने बोलायचे ते सगळे स्लाइडवर लिहून काढतात. बारा ठिपके, प्रत्येक ठिपक्यापुढे दोन ओळी. मोबाईलच्या पडद्यावर ती अक्षरे मुंगीएवढी होतात. आणि ठिपक्यांचा एक मोठा दोष असा, की सगळे ठिपके सारखे दिसतात. 'बूट घालावेत' आणि 'डायमध्ये हात घालू नये' ही वाक्ये एकाच मापाची ठरतात.

याचे एक दुःखद उदाहरण कारखान्याच्या जगाबाहेरचे आहे. २००३ च्या जानेवारीत कोलंबिया अंतराळयान उडताना फोमचा एक तुकडा त्याच्या डाव्या पंखावर आदळला. यान वर असताना अभियंत्यांनी या आघाताचा अभ्यास स्लाइडच्या रूपाने मांडला. आदळलेला तुकडा हा चाचण्यांत वापरलेल्या तुकड्यापेक्षा सहाशे पटींहून मोठा होता, ही त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती एका स्लाइडच्या तळाशी, लहान अक्षरांतल्या शेवटच्या ओळीत होती. १ फेब्रुवारीला यान परतताना कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी दगावले. अपघाताचे खरे कारण पंखाला पडलेले भगदाड होते, स्लाइड नव्हती, हे उघड आहे. पण एडवर्ड टफ्टी या अभ्यासकाने केलेली त्या स्लाइडची चिकित्सा चौकशी मंडळाने आपल्या अहवालात घेतली आणि अशा रीतीने तांत्रिक माहिती मांडण्याबद्दल नापसंती नोंदवली, हेही तितकेच खरे.

तर मग आरंभ कुठून करावा? माझे मत असे, की संगणक सुरूच करू नये. आधी कागद घ्यावा.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांत नवी माणसे झपाट्याने शिकवून तयार करण्याची निकड पडली, आणि १९४० ते १९४५ या वर्षांत 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाची योजना चालली. युद्धानंतर ती जपानात गेली आणि टोयोटासारख्या कारखान्यांत रुजली. तिचे मुख्य साधन म्हणजे एक साधा तक्ता: डाव्या बाजूला कामाची पायरी, तिच्यापुढे त्या पायरीतला कळीचा मुद्दा. पुढे त्यात तिसरा रकाना आला, 'कारण' हा. शिकवण्याचे टप्पे चार सांगितले होते. शिकणाऱ्याची तयारी करणे, काम करून दाखवणे, त्याच्याकडून करवून घेणे, आणि नंतर मागोवा ठेवणे. आपल्या बहुतेक स्लाइड-पाठांत यातला दुसरा टप्पा तेवढा असतो, तोही 'सांगणे' या स्वरूपात.

पॉवर प्रेसचेच उदाहरण घेऊ. जुन्या धाटणीच्या प्रेसमध्ये मोटर एक जड फ्लायव्हील फिरवत ठेवते. पेडल दाबले की क्लच अडकतो, आणि फ्लायव्हीलचा जोर क्रँकमधून रॅमला मिळून तो खाली येतो. या क्लचची एक खोड अशी, की एकदा अडकला म्हणजे क्रँकचा पूर्ण फेरा झाल्याशिवाय तो सुटत नाही. पेडलवरचा पाय काढला, ओरडले, बटण दाबले, तरी रॅम खाली येऊन मगच वर जाणार. म्हणूनच अशा प्रेसला प्रकाशकिरणांचा पडदा लावून भागत नाही; पडद्याने 'थांब' म्हटले तरी यंत्राला मध्येच थांबता येत नाही. नव्या धर्तीच्या घर्षण-क्लचच्या प्रेसला मात्र वाटेत थांबता येते, आणि तिथे तो पडदा कामाचा.

आता सुरक्षिततेच्या पाठात सहसा काय लिहिलेले असते? 'डायमध्ये हात घालू नये. चिमट्याचा वापर करावा. दोन्ही बटणे दोन्ही हातांनी दाबावीत.' सगळे बरोबर, पण तिसरा रकाना कोरा. बीडहून कालच आलेल्या मुलाच्या मनात असते, 'पाय उचलला की मशीन थांबेल.' सायकलचा ब्रेक, मोटरसायकलचा क्लच, घरचे गिरणीचे यंत्र, यांवरून त्याने तो समज केलेला असतो, आणि त्याच्या अनुभवाच्या हिशोबाने तो अगदी शहाणपणाचा आहे. पत्र्याचा तुकडा डायमध्ये जरा तिरका बसला, की याच समजापोटी त्याचा हात आत जातो. बोट जाते ते नियम ठाऊक नसल्याने नव्हे. म्हणून त्या पाठाचा गाभा एकच असायला हवा. क्लच अडकल्यापासून रॅम वर जाईपर्यंतचा तो फेरा, मध्ये कुठेही न थांबता. एवढे त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहिले, की चिमटा कशाला आणि दोन बटणे कशाला हे त्याला निराळे सांगावे लागत नाही. उत्पादनाची घाई असली म्हणजे एका बटणात काडी खोचून ठेवण्याचा मोह होतो, तो कशाशी खेळ आहे हेही त्याला कळते.

कागदावर हे ठरले, की मग संगणकाकडे वळावे, आणि इथे पॉवरपॉइंट खरोखर गुणी साधन आहे. (लिबरऑफिस इम्प्रेस हे विनामूल्य मिळते, बाकीचे साधे काम त्यातही होते.) प्रथम आपल्याच कारखान्यातल्या, आपल्याच प्रेसचे फोटो काढावेत. इंटरनेटवरून उचललेल्या चकचकीत परदेशी यंत्राच्या चित्रात मुलाला आपले पेडल सापडत नाही. एका स्लाइडवर एक फोटो, त्यावर एक बाण, आणि भागाचे नाव. बाकीचे तोंडाने सांगावे. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाने या प्रकारावर वर्षानुवर्षे प्रयोग केले. त्यांचा निष्कर्ष असा, की चित्र दाखवून त्याविषयी बोलले तर माणूस बरा शिकतो. तेच बोलणे चित्राशेजारी अक्षरशः छापले आणि वाचूनही दाखवले, तर तो कमी शिकतो. डोळे अक्षरांमागे धावतात आणि चित्र राहून जाते. भाषा परकी असेल किंवा शब्द तांत्रिक असतील तर तेवढे लिहिलेले बरे, ही सवलत मात्र आहे. आपल्या पट्ट्यात ती पुष्कळ वेळा घ्यावी लागेल.

आवाजाची सोय त्यातच आहे. 'रेकॉर्ड' करून बोलले, की तो आवाज त्या त्या स्लाइडपुरता वेगळा साठवला जातो. याचे दोन फायदे. उद्या डाय बदलला तर सबंध पाठ पुन्हा बोलावा लागत नाही, ती एक स्लाइड पुन्हा बोलायची. आणि मराठी पाठ तयार झाला, की फाईलची प्रत काढून तेच फोटो ठेवायचे आणि ओडिशाच्या मुलांसाठी आवाज व नावे तेवढी हिंदीत घालायची. बोलताना पंखा बंद ठेवावा. एक स्लाइड सरकून दुसरी येत असताना आवाज टिपला जात नाही. क्षणभर थांबून मग बोलावे, नाहीतर वाक्याचे पहिले अक्षर तुटते. हल्ली यंत्राने वाचून दाखवलेला आवाजही मिळतो. तो पुष्कळ सुधारला आहे, तरी 'चित्र' मधला च आणि 'चूक' मधला च यांत त्याची अधूनमधून गफलत होते, आणि मुले हसतात. मला विचाराल तर आवाज त्या वस्तादाचाच घ्यावा. व्याकरण थोडे इकडे-तिकडे होईल, होऊ द्या.

टंकाची एक बारीक गोष्ट, पण तिने पुष्कळांचा दिवस वाया घालवलेला आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या टंकांत केलेली मराठी स्लाइड दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाईलवर उघडली, की तिथे भलतीच चिन्हे दिसतात, कारण ते टंक तिथे नसतात. युनिकोडमध्ये टंकलेखन केले म्हणजे हा प्रश्न उरत नाही.

आता तिसरा टप्पा, करवून घेण्याचा. फाईल ही यंत्रावर हात बसवू शकत नाही. पण निर्णय घ्यायला लावू शकते. त्यासाठी स्लाइडवरच्या कोणत्याही आकृतीला दुसऱ्या स्लाइडचा दुवा जोडता येतो. फोटो दाखवावा: तुकडा डायमध्ये तिरका बसला आहे, पाय पेडलवर आहे. 'आता तू काय करशील?' हाताने सरळ करीन, चिमट्याने करीन, पेडलवरून पाय काढून सुपरवायझरला बोलावीन, अशी तीन बटणे. प्रत्येक बटण आपापल्या स्लाइडवर नेते. चुकीच्या बटणाखाली लाल अक्षरांत 'चूक' एवढेच लिहून मोकळे होऊ नये. तिथे रॅमचा फेरा पुन्हा दाखवावा आणि हात त्या क्षणी कुठे असता ते दाखवावे, मग परत त्याच प्रश्नाकडे आणावे. संगणकावर चालवायच्या पाठात 'कियॉस्क' नावाची एक मांडणी निवडता येते. ती निवडली की नुसते कुठेही टिचकी मारून पुढे जाता येत नाही, आपण ठेवलेल्या बटणांवरूनच वाट निघते. साठ वेळा 'पुढे' दाबण्याचा प्रकार एवढ्याने बंद होतो.

मोबाईलसाठी लोक फाईलचा व्हिडिओ करतात. पॉवरपॉइंटला ते येते, आणि व्हॉट्सअॅपवर पाठवायला सोपेही जाते. मात्र व्हिडिओ झाला, की त्यातली बटणे आणि दुवे मेले. शिकणारा पुन्हा नुसता प्रेक्षक झाला. त्यापेक्षा तीन-तीन मिनिटांचे तुकडे करावेत आणि मध्ये गूगल फॉर्मवर एखादा प्रश्न विचारावा. उत्तराप्रमाणे पुढचा भाग बदलण्याची सोय त्यात आहे.

न दिसणाऱ्या माणसाला शिकवण्याचा प्रश्न काही संगणकाबरोबर जन्मलेला नाही. आमच्या पुण्याच्या आकाशवाणीवर तो फार पूर्वी येऊन गेला आहे. १९५६ साली, युनेस्कोच्या साहाय्याने, पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या तेव्हाच्या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे काढली. आठवड्यातून दोन, असे दहा आठवडे वीस कार्यक्रम झाले. मंडळींनी एकत्र बसून ऐकायचे, मग चर्चा करायची, आणि अडलेले प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. केंद्राने त्यांना उत्तरे द्यायची. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूराथ यांच्या देखरेखीखाली याचा अभ्यास केला. तुलनेसाठी काही गावे अशी घेतली, की जिथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते. मंडळ असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत जी भर पडली, तिच्यापुढे नुसता रेडिओ असलेल्या गावांतली भर किरकोळ निघाली. रेडिओ तोच, कार्यक्रम तेच. फरक होता तो ऐकल्यावर चार माणसे आपापसांत काय बोलली याचा.

हा धडा कारखान्याला जसाच्या तसा लागू करता येईल. पाळी सुरू होण्यापूर्वी पाच-सात मुलांनी एका पडद्यावर पाठ पाहावा, मग प्रेसजवळ जाऊन बंद यंत्रावर त्यांनीच एकमेकांना समजावून सांगावे. 'पाय काढला तर थांबेल का?' हा प्रश्न खोलीत एकट्याने मोबाईलवर पाहताना कोणी विचारत नाही. चारचौघांत कोणीतरी विचारतोच.

राहिला मागोवा. इंटरनेटवरच्या शिक्षणात नोंदींचे काम एक प्रणाली करते. ऑस्ट्रेलियाच्या मार्टिन डुगिआमस यांनी २००२ साली काढलेले मूडल हे त्यांतले विनामूल्य आणि प्रसिद्ध. स्लाइडचा पाठ आणि ही प्रणाली यांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलावे यासाठी अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने २००० च्या सुमारास 'स्कॉर्म' नावाचा एक ठराव झाला. आयस्प्रिंग किंवा आर्टिक्युलेटसारखी जोड-साधने पॉवरपॉइंटच्या फाईलचे स्कॉर्म पुडके बांधून देतात. मग प्रणालीला कळते: अमक्याने पाठ उघडला, इतकी मिनिटे उघडा ठेवला, इतके गुण मिळवले, 'पूर्ण'.

हा 'पूर्ण' शब्द जपून वाचावा. शेवटची स्लाइड पडद्यावर आली, एवढेच पुष्कळदा त्यातून कळते. मोबाईल खिशात ठेवूनही मिनिटे मोजली जातात, आणि मित्राने उत्तरे सांगितली तरी गुण मिळतात. पुढे काही विपरीत घडले, तर मात्र हीच नोंद तारीख-वेळेसकट पुढे येते: 'त्याला शिकवले होते, हे पाहा.' बोट गेलेल्या मुलाला मग उत्तर राहत नाही. म्हणून त्या नोंदीशेजारी आणखी एक नोंद असावी, साध्या वहीत असली तरी चालेल. पाठानंतर पहिल्या दिवशी, आठव्या दिवशी आणि महिन्याने सुपरवायझर त्या मुलाच्या प्रेसपाशी दहा मिनिटे उभा राहिला का, त्याने काय पाहिले, आणि त्यावरून पाठातली कोणती स्लाइड बदलली. तीन मुले एकाच जागी चुकत असतील तर ती स्लाइड समजत नाही असे धरावे, आणि ती वस्तादाला दाखवून पुन्हा बोलून घ्यावी. प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात ती केव्हा बदलली याची तारीख आणि प्रेसचा क्रमांक लिहून ठेवावा, म्हणजे यंत्र बदलले आणि पाठ जुनाच राहिला असे होणार नाही.